दमट हवेतील लाकूड

(शताब्दी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाचा गौरव होतो तो त्याच्या ग्रंथसंपदेसाठी, उदार देणगीदारांसाठी आणि निरपेक्ष बुद्धीने झटलेल्या कार्यकर्त्यांसाठी. तो यथायोग्यच होय. परंतु त्या ग्रंथांना ज्याने शंभर पावसाळे सांभाळले, त्या घटकाचा उल्लेख अशा प्रसंगी सहसा होत नाही. तो घटक म्हणजे लाकूड. डोक्यावरच्या तुळया, वासे, माळ्याची तक्तपोशी, जिना, दारे-खिडक्या आणि भिंतीलगत उभी असलेली काचेच्या दारांची कपाटे यांचा विचार केला, तर किनारपट्टीवरील जुने ग्रंथालय म्हणजे लाकडी पेटीत जपून ठेवलेला कागदच होय.

शंभरी गाठलेल्या बहुतेक संस्थांपुढे आज जीर्णोद्धाराचा प्रश्न उभा आहे. अशा वेळी कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड टिकत नाही, ते काढून काँक्रीट आणि लोखंड घालावे.’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की त्याची शहानिशा करण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः ज्या वास्तूत ते उच्चारले जाते, तिच्या छताची तुळईच त्याला मूक उत्तर देत असते. तथापि केवळ जुने म्हणून लाकडाची भलावण करणेही बरे नव्हे. दमट हवेत लाकडाचे नेमके काय होते, ते कशाने टिकते आणि कशाने जाते, हे समजून घेणे हाच या विवेचनाचा हेतू आहे.

लाकूड हा निर्जीव पदार्थ असला तरी हवेशी त्याचे देणेघेणे अखंड चालू असते. हवा दमट झाली की ते बाष्प शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की सोडून देते. सभोवतालच्या हवेशी त्याचा समतोल साधला जातो, तेव्हा त्याच्या अंगी पाण्याचा एक ठरावीक अंश असतो. सामान्य तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना हा अंश लाकडाच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के असतो. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आली की तो १० टक्क्यांच्या आसपास उतरतो. ८५ टक्क्यांवर गेली की १७-१८ टक्क्यांपर्यंत चढतो. गोव्यासारख्या प्रदेशात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. म्हणजेच तेथील घरातले लाकूड दरवर्षी पौष-माघात कोरडे होते आणि आषाढ-श्रावणात ओलावते.

या ओलाव्याबरोबर लाकडाचे आकारमान बदलते. परंतु ते सर्व दिशांना सारखे बदलत नाही. लांबीत होणारा बदल नगण्य असतो. बुंध्याच्या गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत तो थोडा असतो, तर वर्षवलयांना समांतर दिशेत त्याच्या सुमारे दुप्पट. सागवान हे या बाबतीत अतिशय शांत स्वभावाचे लाकूड. तरीही ३०० मिलिमीटर रुंदीच्या सागवानी फळीच्या अंगचे पाणी १० टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले, तर उभ्या-आडव्या कापाप्रमाणे ती साडेचार मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. अशा तीन फळ्या घट्ट जोडून दार केले, तर पावसाळ्यात ते चौकटीत अडकणार आणि उन्हाळ्यात त्यातून उजेड दिसणार, हे उघड आहे. पावसाळ्यात दार लागत नाही म्हणून सुताराकडून ते रंधून घ्यावे आणि माघात त्याच फटीतून वारा यावा, हा अनुभव किनारपट्टीवरील घराघरांतला आहे.

जुन्या सुतारांनी हा स्वभाव ओळखला होता. म्हणून त्यांनी भक्कम चौकट करून तिच्या आत पातळ फलक बसवले आणि ते खाचेत मोकळे ठेवले. चौकटीचे लाकूड अरुंद असल्याने तिची रुंदी फारशी बदलत नाही. रुंद फलक फुगला तरी खाचेत सरकतो. सांधे खिळ्यांनी न ठोकता कुसू आणि खाच यांनी जुळवले आणि लाकडी खुंट्यांनी पक्के केले. ओल्या लाकडात लोखंडी खिळा गंजतो, त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडते आणि कालांतराने ठिसूळ होते, हे त्यांना ठाऊक होते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे लाकूड वापरण्यापूर्वी सावलीत रचून, थरांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून ते दीर्घकाळ वाळवले जाई. आजच्या भारतीय मानकांतही हेच तत्त्व आहे. हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे पट्टे मानून, ज्या पट्ट्यात लाकूड वापरायचे तेथील हवेला जुळेल इतपतच ते वाळवावे, असे त्यात सांगितले आहे. कोरड्या प्रांतात तयार झालेले कपाट किनाऱ्यावर आणले की त्याचे खण का अडकतात, याचे कारण येथे सापडते.

फुगणे आणि आक्रसणे ही गैरसोय झाली. तो नाश नव्हे. नाश होतो तो कुजण्याने, आणि कूज ही बुरशीची करणी होय. बुरशीला अन्न, हवा, ऊब आणि पाणी या चार गोष्टी लागतात. अन्न म्हणजे खुद्द लाकूड. हवा आणि ऊब आपल्या प्रदेशात मुबलक. तेव्हा माणसाच्या हाती उरते ते केवळ पाणी. लाकडातील पाण्याचा अंश २० टक्क्यांच्या खाली असेल, तर कुजविणारी बुरशी मूळ धरू शकत नाही. ती जोमाने वाढते ते हा अंश २८-३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर गेल्यावर. आता वरचे आकडे पुन्हा आठवावेत. ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंतच पोहोचते. याचा अर्थ स्पष्ट आहे : निव्वळ दमट हवा लाकडाच्या पृष्ठभागावर पांढुरकी बुरशी आणू शकते, पण तुळई कुजवू शकत नाही. तुळई कुजते ती गळक्या कौलामुळे, ओल धरणाऱ्या भिंतीमुळे किंवा थंड पृष्ठभागावर साचलेल्या दवामुळे. म्हणजेच द्रवरूप पाण्यामुळे.

या विधानाला कार्ल्याच्या लेण्यांइतका बोलका पुरावा दुसरा नसेल. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छताला लावलेल्या सागवानी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. ज्या डोंगरात हे लेणे कोरले आहे, तेथे पावसाळ्यात ढग अक्षरशः दारात उतरतात. तरीही त्या फासळ्या टिकल्या. कारण त्यांच्यावर प्रत्यक्ष पाऊस पडला नाही आणि त्यांच्या सर्व बाजूंनी हवा फिरत राहिली. दूरच्या फिनलंडमध्ये ‘साउना’ या लाकडी स्नानगृहात ८० ते १०० अंश तापमानाला तापल्या दगडांवर पाणी शिंपडून वाफ काढतात. त्या देशाच्या या परंपरेची २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. तेथे भिंती, बाके, छत सारे लाकडाचेच. ते कुजत नाही, याचे रहस्य इतकेच की स्नान आटोपल्यावर खोलीला हवा देऊन ती पूर्ण कोरडी होऊ दिली जाते. लाकूड भिजले म्हणून जात नाही. त्याला वाळू दिले नाही म्हणून जाते.

कोकण आणि गोव्यातील जुन्या घराची रचना पाहिली, तर तिचे प्रत्येक अंग या एका सूत्राभोवती उभे आहे असे दिसते. घर उंच जोत्यावर. खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केलेला, कारण लाकडाच्या आडव्या छेदातून पाणी आत चढते ते त्याच्या उभ्या अंगापेक्षा कितीतरी वेगाने. छपराची वळचण भिंतीच्या बरीच पुढे आलेली, जेणेकरून पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात. पावसाच्या तिरप्या झडीसाठी पडवीला झावळ्यांचे झाप बांधलेले. मधल्या राजांगणातून गरम हवेला वर जाण्यास वाट. जांभ्या दगडाच्या भिंतींना चुन्याचा गिलावा, जो ओल धरतो तशी सोडतोही. न्हाणीघर आणि विहीर मूळ घरापासून अलग. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौले किनारपट्टीवर सर्वत्र पसरली. त्यांच्या सांध्यांतून पाणी आत येत नसे, पण हवा मात्र जात-येत राही. स्वयंपाकघरातील चुलीचा धूर वाशांना काळे करी. परंतु तोच धूर त्यांना कोरडे ठेवी आणि किडीला दूर सारी.

लाकडाची निवडही डोळसपणे होई. सागवान, फणस, शिसव आणि गोव्याने राज्यवृक्ष मानलेली मत्ती, म्हणजेच देशावरचा ऐन, यांचा वापर ज्याच्या त्याच्या गुणानुसार केला जाई. सागवानाच्या गाभ्यातच वाळवीला नकोशी वाटणारी द्रव्ये असतात. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. परंतु हा गुण गाभ्याचा आहे. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाचा नव्हे. लवकर वाढवून लवकर तोडलेल्या झाडात हा पांढरा भाग अधिक असतो. म्हणून ‘सागवान’ एवढा शब्द पावतीवर असणे पुरेसे नाही. फळीत गाभा किती आणि पांढरे किती, हे पाहूनच ती घ्यावी.

मग जुन्या इमारतींतील लाकूड अलीकडे अधिक वेगाने का खराब होते, असा प्रश्न येतो. उत्तर थोडे अप्रिय आहे. ते बहुधा दुर्लक्षाने जाते, पण पुष्कळदा दुरुस्तीनेही जाते. चुन्याचा गिलावा खरवडून त्या जागी सिमेंटचा केला की भिंतीत शिरलेल्या ओलीची बाहेर पडण्याची वाट बंद होते. ती ओल मग तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाकडे वळते. मधला सात-आठ हात भाग ठणठणीत आणि भिंतीतले वीतभर टोक भुसभुशीत, अशी तुळई त्यामुळेच आढळते. तैलरंगाचे थरावर थर चढवले की लाकूड सुरक्षित झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात रंगाला पडलेल्या बारीक चिरेतून पाणी आत जाते आणि रंगाच्या पापुद्र्यामुळे बाहेर येऊ शकत नाही. धूळ नको म्हणून झरोके बुजवले जातात, आणि मग पोटमाळ्यावरची हवा वर्षभर कोंडून राहते.

वातानुकूलनाचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. पावसाळ्यात बाहेरचे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के असताना दवबिंदू २६ अंशांच्या जवळ असतो. म्हणजेच त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर अशा हवेतील बाष्पाचे पाणी होणार. वाचनकक्ष २२ अंशांवर थंड ठेवला आणि त्याच्या लाकडी छताच्या वर कौलांखालची दमट हवा असली, तर छताच्या फळ्यांच्या वरच्या अंगाला दव सुटते. खाली बसलेल्या वाचकाला छत कोरडेच दिसते. वर मात्र ते दररोज भिजत असते. त्यातच यंत्र दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवले, तर लाकूड आणि ग्रंथ या दोहोंना रोज एक लहानसा उन्हाळा आणि एक लहानसा पावसाळा सोसावा लागतो. छताच्या वर उष्णतारोधक थर आणि बाष्प अडविण्याची सोय केल्यावाचून अशा कक्षात यंत्र बसवू नये.

किडीच्या संदर्भात एका भारतीय संशोधकाचे स्मरण उचित ठरेल. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचे मिश्रण सिद्ध केले. लाकडात दाबाने भरलेले हे मिश्रण पावसाने धुऊन जात नसे. पुढे ते जगभर वापरले गेले. त्यातील आर्सेनिकमुळे अनेक देशांनी निवासी वापरावर निर्बंध घातले असून, घराच्या आतल्या लाकडासाठी आज टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे द्रावण अधिक योग्य मानले जाते. ते पाण्यात विरघळून जाते, हा त्याचा दोष. म्हणून छप्पर गळत नसेल तेथेच त्याचा उपयोग. आपल्या भागात काजूबियांच्या टरफलांचे तेल लाकडाला लावण्याची रीत होती, तीही अनुभवातूनच आलेली होती.

लाकडाच्या जागी सुचविले जाणारे पदार्थ दमट हवेपासून मुक्त आहेत काय? समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधील सळई गंजते, फुगते आणि छताचे पापुद्रे खाली पडू लागतात, हे दृश्य किनारपट्टीच्या शहरांत नवे नाही. स्वित्झर्लंडमधील उस्टर येथे १९८५ साली एका बंदिस्त जलतरण तलावाचे काँक्रीटचे छत कोसळून १२ जण मृत्युमुखी पडले. ते छत ज्या स्टेनलेस स्टीलच्या कांबींनी टांगलेले होते, त्या क्लोरीनमिश्रित दमट हवेने आतून तडकल्या होत्या. अशा तलावांवर थर जोडून केलेल्या लाकडी तुळया घालण्याची प्रथा युरोपात आहे, कारण त्या हवेचा लाकडावर तसा परिणाम होत नाही. लोखंडी कपाटाला वाळवी लागत नाही आणि आगीच्या दृष्टीने ते बरे, हे खरे. परंतु ते बाष्प मुळीच शोषत नाही. बंद लोखंडी कपाटातील हवा थंड होताच आतल्या ग्रंथांनाच ते बाष्प घ्यावे लागते. लाकडी कपाट मात्र आधी स्वतः ओल घेते आणि सावकाश सोडते. आर्द्रतेचे चढउतार ते सौम्य करते, आणि जुन्या कागदाला अशा चढउतारांचाही धोका असतो.

नव्या कामात सर्वच लाकूड एका मापाने मोजू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. लाकडाच्या भुश्यापासून किंवा तंतूंपासून दाबून केलेले साधे तक्ते ओल लागताच फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत. न्हाणीघर, मोरी किंवा ओलसर भिंत यांच्याजवळ त्यांना स्थान नाही. प्लायवुड घ्यायचे तर ते कोणत्या डिंकाने चिकटवले आहे ते पाहावे. भारतीय मानक ७१० प्रमाणे तयार झालेल्या प्लायवुडाचा तुकडा ७२ तास पाण्यात उकळूनही सुटता कामा नये. दार बसवताना त्याची खालची आणि वरची कड तेल किंवा रंग लावून बंद करण्यास सुतार विसरतात. पाणी नेमके तेथूनच चढते. न्हाणीघराच्या चौकटीचे पाय दगडाचे ठेवावेत. आपल्या पूर्वजांचा तळखडाच तो, केवळ नव्या रूपात.

ग्रंथालयांपुरते बोलायचे, तर पुढील गोष्टींना मोठा खर्च लागत नाही. कपाट भिंतीला टेकवून न ठेवता चार बोटे पुढे घ्यावे आणि त्याच्या पायांखाली दगडी किंवा धातूची बैठक द्यावी. ग्रंथ फळीच्या मागच्या कडेला भिडवू नयेत; मागे हवेला जागा राहू द्यावी. आर्द्रता मोजणारे साधे यंत्र प्रत्येक दालनात टांगून रोज नोंद ठेवावी. ती ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की कागदावर बुरशी येण्याचा संभव वाढतो. तेव्हा निदान पंखे चालू ठेवून हवा हलती ठेवावी. पावसात ओली हवा आत घेऊन काही साधत नाही. खिडक्या उघडायच्या त्या उघडीप पडून ऊन आल्यावर. आणि दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळून घ्यावीत. एक फुटके कौल वेळेवर बदलले तर शंभर वर्षांची तुळई आणखी शंभर वर्षे उभी राहते. न बदलले तर तीन-चार पावसाळ्यांत ती हातोडीच्या टोल्याला पोकळ आवाज देऊ लागते.

राहता राहिला जीर्णोद्धाराचा प्रश्न. जेथे तुळई खरोखर कुजली आहे तेथे ती बदललीच पाहिजे. ग्रंथालयात मुले येऊन बसतात, त्यांच्या डोक्यावरच्या छताशी भावनेचा खेळ करून चालणार नाही. परंतु निर्णयापूर्वी प्रत्येक तुळईची तपासणी व्हावी. भिंतीतली टोके उघडी करून पाहावीत, आरी टोचून लाकडाचा कस पाहावा, आर्द्रतामापकाने पाण्याचा अंश मोजावा आणि पाणी कोठून येते याचा शोध आधी घ्यावा. कुजलेले टोक तेवढे कापून नव्या जून लाकडाचा सांधा देता येतो; त्यासाठी सबंध छत उतरविण्याचे कारण नाही. पाण्याची वाट न शोधता छत बदलले, तर तीच ओल नव्या सळईलाही गाठेल, आणि पुढच्या पिढीच्या कार्यकारी मंडळाला पुन्हा हीच चर्चा करावी लागेल.

सभासदहो, लाकूड हे फार मागणे न मागणारे द्रव्य आहे. त्याला हवे असते डोक्यावर न गळणारे छप्पर, पायाखाली कोरडा दगड आणि चारी बाजूंनी खेळती हवा. जुन्या मिस्त्री-सुतारांनी ते त्याला दिले, म्हणून त्याने ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचवले. शताब्दीच्या निमित्ताने नव्या इमारतीचे आराखडे जरूर व्हावेत. मात्र त्यावर स्वाक्षरी होण्यापूर्वी एखाद्या जाणत्या सुतारासह मंडळाने एकदा माळ्यावर चढून यावे, आणि शक्य तर भर पावसात चढावे. छप्पर कोठे गळते आणि लाकूड कोठे धडधाकट आहे, हे त्या एका तासात जितके कळेल तितके कोणत्याही अंदाजपत्रकातून कळणार नाही.